प्रश्न विचारायला पाहुणी आली, तर

जेवणं उरकली असतील, भांडी पडली असतील. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीला एक मुलगी आली. पाठीला पिशवी, हातात चौदा पानांची प्रश्नावली. पीएच.डी. करते म्हणाली, विषय ‘उद्योजकता आणि समाज’. आम्ही चहा टाकला. देवळाच्या ओवरीत आमच्यासारखीच मांडी घालून ती बसली आणि एकेकीला विचारायला लागली. पहिलाच प्रश्न आमच्या आक्कांना. “तुमच्या शेळ्यांच्या व्यवसायाचे मालक कोण?”

आक्का म्हणाल्या, “मालक बाजाराला गेलेत.”

सगळ्या हसल्या. मुलीला काही कळलं नाही. तिनं कागदावर लिहिलं: मालक, पती. अकरा शेळ्या. पाला आक्का आणतात, करडं आक्का सांभाळतात, आजारी पडली तर रात्रभर आक्काच जागतात. पण एका शब्दाच्या गमतीत अकराच्या अकरा शेळ्या कागदावर दुसऱ्याच्या नावावर गेल्या.

दुसरी गोष्ट हसण्यासारखी नव्हती. गटातल्या एका सुनेला तिनं सगळ्यांदेखत विचारलं, “घरी न सांगता थोडे पैसे बाजूला ठेवता का?” सून भोळी, ‘हो’ म्हणून गेली. शेजारीच तिच्या चुलत सासूबाई बसल्या होत्या. त्या रात्री तिच्या घरी काय झालं ते मी इथं सांगत नाही. पुढं दोन महिने ती बैठकीला आली नाही, एवढंच सांगते. ती शिकणारी मुलगीही पुन्हा फिरकली नाही. तिच्या अभ्यासातून काय निघालं, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

मुलगी वाईट नव्हती. पण ती कशासाठी आली, तिला काय विचारता येतं, आपल्याला काय नाकारता येतं, यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आज तेच समजून घेऊ.

पीएच.डी. म्हणजे एकाच प्रश्नाचा कित्येक वर्षं केलेला पाठलाग. आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे त्याला किमान तीन वर्षं लागतात आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. त्या काळात एक मार्गदर्शक असतो, पुस्तकं वाचायची असतात, माणसांत जाऊन माहिती गोळा करायची असते आणि शेवटी एक जाडजूड प्रबंध लिहायचा असतो.

हे शिकणारे विद्यार्थी कधी कधी आठ-पंधरा दिवसांसाठी एका ठिकाणी जमतात. त्याला उन्हाळी शाळा म्हणतात. उन्हाळी म्हटलं की आपल्याला एप्रिल-मे आठवतो. युरोपात उन्हाळा जून ते ऑगस्ट असतो, तेव्हा तिकडची विद्यापीठं रिकामी असतात. वेगवेगळ्या देशांतली मुलं-मुली येतात. प्रत्येक जण आपला अर्धामुर्धा अभ्यास मांडतो, जाणते प्राध्यापक त्यातल्या चुका काढतात, बाकीचे शंका विचारतात. शाळेत पाटीवरचं गणित बाईंना दाखवायचो ना, तसंच. फक्त पाटी मोठी.

आता ‘उद्योजकता आणि समाज’ हा काय विषय? उद्योजकता म्हणजे नवं काही उभं करण्याचं धाडस आणि हिशेब. पुस्तकांत फार वर्षं ती एका माणसाची गोष्ट म्हणून सांगितली गेली. हुशार माणूस, त्याची कल्पना, त्याची मेहनत, त्याचा नफा. हे अभ्यासक विचारतात, तो माणूस एकटा होता का? त्याला जागा कुणी दिली, उधारी कुणी दिली, त्याच्या मागं घर कुणी चालवलं? आणि धंदा उभा राहिल्यावर गावाचं काय झालं? चांगलं झालं की नुकसान झालं, फायदा कुणाच्या वाट्याला आला?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला फार लांब जायला नको. आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हेच त्याचं मोठं पुस्तक आहेत.

किर्लोस्करवाडीचंच घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना आधी बेळगावात होता. लोखंडी नांगर ते तिथंच करायला लागले होते. शेतकरी घेईनात, लोखंडानं जमीन बिघडते असा समज होता. पुढं बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांना जागा दिली. माळरान होतं, निवडुंग माजलेला होता. १९१० साली तिथं कारखाना आला, वसाहत झाली. आज ते गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. आपण म्हणतो, किर्लोस्करांनी उद्योग उभारला. खरंच आहे. पण राजानं जमीन दिली नसती तर? रेल्वे जवळ नसती तर? शेतकऱ्यानं शेवटी नांगर हातात घेतलाच नसता तर? आणि त्याच वाडीतून १९३० साली ‘स्त्री’ नावाचं बायकांचं मासिक निघालं. नांगराच्या कारखान्याशेजारी बायकांच्या वाचनाची सोय झाली. उद्योग गावाला काय देतो, त्याचं हे एक उत्तर.

दुसरं उदाहरण गलाईचं. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातल्या किती तरी घरातली माणसं देशभर गलाईचं काम करतात. जुनं सोनं-चांदी आटवायचं, शुद्ध करून द्यायचं. दुष्काळानं घराबाहेर काढलं. पण अनोळखी मुलखात कुणी एकटा जाऊन उभा राहिला का? आधी मामा गेला, मामानं भाच्याला नेलं, भाच्यानं शेजारच्या पोराला नेलं. काम शिकवलं, राहायला जागा दिली, सोनाराकडं ओळख लावली. हा धंदा भावकीच्या आणि गावकीच्या आधारावर पसरला. आणि गडी माणसं परमुलखात असताना इकडं शेत, गुरं, म्हातारी माणसं कुणी सांभाळली? बायांनी. त्यांचं काम गलाईच्या हिशेबात कुठल्या रकान्यात धरायचं, हा अगदी पीएच.डी.चा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट साताऱ्याची. कर्मवीर भाऊराव पाटील शाळा काढण्याआधी फिरते विक्रेते होते. ओगल्यांची काचसामानं, किर्लोस्करांचे नांगर त्यांनी गावोगाव विकले. त्या फिरतीत त्यांना खेड्यातलं पोर शिकत नाही हे जवळून दिसलं. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली, पुढं ती साताऱ्याला आली. ‘कमवा आणि शिका’ ही रीत तिथलीच. पण वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या काळी सौभाग्याचा दागिना मोडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. संस्थेच्या भांडवलात ते सोनं आहे.

चौथी गोष्ट माण तालुक्यातली. म्हसवडला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसापासून बचावासाठी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँका तिचं खातं उघडेनात, रक्कम फारच लहान. चेतना गाला सिन्हा तेव्हा त्या भागात काम करत होत्या. त्यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण अर्ज करणाऱ्यांतल्या अनेकींच्या सहीच्या जागी अंगठे होते. बाया खचल्या नाहीत. लिहा-वाचायला शिकायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आमच्या गावात शाळा नव्हती म्हणून लिहिता आलं नाही, पण व्याजाचा हिशेब आम्हाला तोंडी येतो, घाला गणित. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढं बाजारच्या गावी येऊ न शकणाऱ्या बायांसाठी बसमध्ये मांडलेली व्यवसायाची शाळाही त्यांनी काढली. २०१८ साली दावोसच्या जागतिक परिषदेत चेतनाताई सहअध्यक्ष होत्या.

या चारही गोष्टींत एकट्या माणसाचं काही नाही. जमीन, ओळख, दागिना, अंगठा. प्रत्येक ठिकाणी दुसरं कुणी तरी उभं आहे. अभ्यासक हेच शोधायला येतात. म्हणून आपल्याकडं येतात.

त्यांच्या अभ्यासाचा आपल्याला उपयोग होतो का? होतो. दोन अभ्यास सांगते.

अहमदाबादला ‘सेवा’ बँकेच्या खातेदार बायकांसाठी दोन दिवसांचं व्यवसाय प्रशिक्षण ठेवलं होतं. काहींना एकटीला बोलावलं, काहींना सांगितलं, मैत्रिणीला घेऊन या. कुणाला काय सांगायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं. शिकवलं दोघींना सारखंच. चार महिन्यांनी बघितलं, तर मैत्रिणीबरोबर आलेल्यांत कर्ज घेऊन धंद्यात घालणाऱ्या जास्त निघाल्या, त्यांच्या घरचं उत्पन्नही वाढलेलं दिसलं. एकट्या आलेल्यांत फारसा फरक पडला नव्हता. आणि ज्या समाजात बाईच्या बाहेर पडण्यावर बंधनं जास्त, तिथं मैत्रिणीचा आधार जास्त कामाला आला. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. आपण काय घ्यायचं? पुढच्या प्रशिक्षणाला गटातून एकीचं नाव देऊ नका. दोघींचं द्या.

दुसरा अभ्यास भारत, श्रीलंका आणि घाना या तीन देशांतल्या माहितीवरचा, २०१९ सालचा. आधी काही अभ्यासांत असं निघालं होतं की बाईच्या धंद्याला भांडवल दिलं तर नफा वाढत नाही, गड्याच्या धंद्याला दिलं तर वाढतो. लोक म्हणायला लागले, बायांना धंदा जमत नाही. मग काही अभ्यासक बायांनीच तोच हिशेब पुन्हा उघडला. पैसा गेला कुठं ते बघितलं. तर बाईच्या नावावर आलेलं भांडवल बऱ्याचदा नवऱ्याच्या धंद्यात गेलेलं होतं. ज्या घरात धंदा फक्त बाईचाच होता, तिथं तिचा नफा गड्यांपेक्षा कमी नव्हता.

ऐकलंत ना? कर्ज कुणाच्या नावावर, हप्ता कोण फेडतं, आणि पैसा कुठं जातो. आपल्या गटाच्या वहीत पहिल्या दोन गोष्टी असतात, तिसरी नसते. आणि आता आक्कांच्या शेळ्या आठवा. चुकीचा मालक कागदावर गेला, की मोठ्या अभ्यासातही चुकीचंच उत्तर निघतं. मग त्या उत्तरावरून योजना ठरतात. म्हणून आपण नीट सांगणं आणि त्यांनी नीट विचारणं, दोन्ही गरजेचं.

तर अशी पाहुणी आपल्या गटात आली, तर काय करायचं? चहा जरूर द्या. पण प्रश्नावली उघडायच्या आधी आपले प्रश्न विचारा.

पहिलं, तू कोण, कुठल्या विद्यापीठाची, मार्गदर्शक कोण? ओळखपत्र आणि विद्यापीठाचं पत्र मागा. खऱ्या विद्यार्थिनीला त्याचा राग येत नाही.

दुसरं, कशासाठी विचारतेस आणि किती वेळ लागेल? हे मराठीत, समजेल असं सांगायला लावा. संमतीपत्रावर सही मागितली तर ते मराठीत हवं, कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. न वाचता अंगठा नाही. सही केली तरी नको वाटेल तो प्रश्न सोडता येतो, मधूनच उठता येतं. त्याचं कारणही द्यावं लागत नाही.

तिसरं, माझं नाव छापणार का? अभ्यासात नावं बदलायची रीत आहे. पण लहान गावात ‘अकरा शेळ्यांवाली बाई’ एवढं लिहिलं तरी ओळख पटते. तेही सांगून ठेवा. फोटोची आणि आवाज टिपण्याची परवानगी वेगळी. एकाला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्याला हो झालं, असं नाही.

चौथं, पैशाचे, घरातल्या भांडणाचे, लपवून ठेवलेल्या बचतीचे प्रश्न ओवरीत चारचौघींत नाहीत. एकेकीला बाजूला बसवून विचार, असं स्पष्ट सांगा. आमच्या सुनेच्या वेळी आम्ही सहाजणी तिथं होतो. एकीनं जरी म्हटलं असतं, “बाई, हे इथं नको,” तरी पुढचं टळलं असतं. हे मला अजून टोचतं.

पाचवं, उत्तर दिलं तर कर्ज मिळेल, योजनेत नाव लागेल, असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. अभ्यासकाच्या हातात कर्ज नसतं. आणि आधार क्रमांक, पासबुकाचा फोटो, मोबाइलवर आलेला ओटीपी कुठल्याच अभ्यासाला लागत नाही. ते मागणारा माणूस अभ्यासक नाही, त्याला तिथूनच वाटेला लावा.

सहावं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. परत कधी येणार? जे निघेल ते आम्हाला वाचून दाखवायचं. गटाच्या वहीत तिचं नाव, विद्यापीठ, फोन आणि तारीख लिहून घ्या. ती आपली माहिती लिहून नेते, आपणही तिची लिहून ठेवायची. आपल्या देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ नावाच्या इंटरनेटवरच्या भांडारात ठेवले जातात, कुणालाही फुकट वाचता येतात. गावातल्या कॉलेजच्या पोरीला सांगून आपल्या तालुक्याबद्दल काय लिहिलंय ते शोधता येतं.

आणखी एक. अभ्यास करायला पीएच.डी.च लागते असं नाही. त्या मुलीनं आम्हाला एक प्रश्न फार चांगला विचारला होता. “या कामाला तुमचे किती तास जातात?” कुणालाच सांगता आलं नाही. ती गेल्यावर आम्ही शेंगदाण्याच्या चटणीचा हिशेब मांडायला बसलो. तुम्हीही मांडा.

समजा, दहा किलो चटणी केली. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ मिळून १,८०० रुपये. पिशव्या आणि चिकटपट्ट्या २०० रुपये. खर्च २,००० रुपये. २५० रुपये किलोनं विकली, आले २,५०० रुपये. नफा ५०० रुपये, सगळ्या खूश. आता तास मोजा. निवडणं, भाजणं, सोलणं, कुटणं, भरणं, बाजारात बसणं. दोघींचे मिळून २० तास धरा. म्हणजे तासाला २५ रुपये पडले. यात गॅस धरला नाही, मिक्सरची वीज धरली नाही, एसटीचं भाडं धरलं नाही. शेजारच्या रानात भांगलायला गेलं तर दिवसाला काय हजेरी मिळते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेवढी तरी आपली मजुरी खर्चात धरायची आणि मगच उरेल त्याला नफा म्हणायचं.

एक महिना वहीत तीनच रकाने ठेवा. पैसे किती आले, किती गेले, आपले तास किती गेले. लिहिता येत नसेल तर तासाला एक उभी रेघ ओढा. महिनाअखेरीला बैठकीत सगळ्यांच्या वह्या एकत्र बघा. भाव वाढवायचा, एकत्र माल खरेदी करायचा, का ते काम सोडून दुसरं धरायचं, हे तिथंच ठरतं. उन्हाळी शाळेत ती मुलं-मुली हेच करतात. आपापलं काम मांडतात आणि दुसऱ्याला त्यात चूक काढू देतात.

जाता जाता लेकीसुनांसाठी एक सांगते. पुढं शिकायचं म्हटलं की घरात विचारतात, लग्नाचं काय, बाळंतपणाचं काय. २०२२ च्या त्याच नियमांत पीएच.डी. करणाऱ्या महिलांना मुदतीत आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, आणि बाळंतपण व मुलांच्या संगोपनासाठी मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. उद्या आपलीच एखादी लेक प्रश्नावली घेऊन कुणाच्या तरी ओवरीत बसेल. ती कुणाला चारचौघींत अडचणीत टाकणार नाही आणि मालकाच्या रकान्यात काय लिहायचं ते दोनदा विचारेल, एवढं आपण तिला आताच शिकवू.

आमच्या गटात आम्ही आता एक केलंय. वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येकीचा धंदा आणि त्यापुढं मालकाचं नाव लिहिलं. आक्कांची पाळी आली तेव्हा सचिवबाईंनी मुद्दाम विचारलं, “शेळ्यांचे मालक कोण?” आक्कांनी पदर सावरला आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. ती सूनही त्या दिवशी बैठकीला होती. तिच्या शिवणकामापुढं तिनं आपलं नाव आपल्या हातानं लिहिलं.

तुमच्या पुढच्या बैठकीत हे पान लिहून काढा. आज इथंच थांबते. नमस्कार.